अर्ज जूनमध्ये, कागद आत्ता

सोलापुरात बारावीचे विद्यार्थी व त्यांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन



अम्मी, अब्बा, मामू, खाला, आणि मागच्या रांगेत मोबाइल घेऊन बसलेल्या माझ्या मुलामुलींनो, मी गणिताची शिक्षिका आहे. जोशपूर्ण भाषण करणं मला जमत नाही. गेली बरीच वर्षं दर जूनमध्ये आम्ही चार-पाच शिक्षक शाळेच्या एका खोलीत टेबलं टाकून बसतो आणि बारावी झालेल्या मुलांना प्रवेशाचे अर्ज भरायला मदत करतो. त्या टेबलावर जे दिसतं तेच आज सांगते. आणि जूनमध्ये न सांगता आज, डिसेंबरात सांगते, कारण जूनमध्ये ते ऐकून फार उपयोग होत नाही.

तुम्हाला वाटतं प्रवेश मार्कांवर मिळतो. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुमच्या घरातल्या लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. ती पिशवी आज रात्री उघडा.

नावापासून सुरुवात करू. आपल्याकडे एका मुलाची चार नावं असतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर मोहम्मद, आधारवर महंमद, बँकेत नुसतं मो., आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ते गायबच. शेख कुठे आधी, कुठे नंतर. सर्वांत गंमत आईच्या नावाची: निकाहनाम्यात एक, रेशनकार्डावर दुसरं, आणि एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम'. घरात याचं कुणालाच काही वाटत नाही, कारण हाक मारताना सगळी नावं चालतात. पण अर्ज तपासणाऱ्याच्या समोर दोन कागदांवर दोन नावं आली की त्याच्यासाठी ती दोन माणसं. तेव्हा दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा, तिच्यावर जे नाव आहे तेच खरं माना, आणि आधार, बँक खातं वगैरे त्याच्याशी जुळवून घ्या. उलटं करायला जाऊ नका. आधार बदलणं सोपं आहे, बोर्डाच्या गुणपत्रिकेवरचं नाव बदलणं महाकठीण. बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं, कारण शिष्यवृत्तीचे पैसे थेट त्यातच येतात.

आता जातीच्या दाखल्याकडे येते. इथे थोडी थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं आणि याबद्दल बोलायला आपल्याला संकोच वाटतो. 'इस्लाममध्ये जात नाही, मग दाखला कशाचा?' असं दरवर्षी कुणीतरी अब्बा मला विचारतातच. दीन काय सांगतो त्यावर मी इथे बोलत नाही. महाराष्ट्र शासनाच्या इतर मागासवर्गाच्या यादीत बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी-नदाफ-मन्सुरी, मुलाणी अशा बिरादऱ्या आहेत. छप्परबंद विमुक्त जातींच्या यादीत आहेत. हे आरक्षण धर्मावर दिलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणाऱ्या, विणणाऱ्या, भाजी विकणाऱ्या माणसाचं मागासलेपण त्याच्या धर्मानं मिटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 2014 साली मुस्लिमांना पाच टक्के देणारा अध्यादेश निघाला होता, त्याचा कायदा झाला नाही. त्याची वाट बघत बसलेले लोक मला अजून भेटतात. जे हातात आहे ते आधी घ्या ना!

अडचण अशी की आपल्या शाळेच्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. गुरुजींनी विचारलं नाही, आजोबांनी सांगितलं नाही. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा आणि विमुक्त जातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे दाद्यांचा किंवा चुलत दाद्यांचा कागद. तो कुठे मिळतो? त्यांच्या गावच्या प्राथमिक शाळेच्या जुन्या रजिस्टरात, तहसीलच्या जन्ममृत्यूच्या नोंदींत, जुन्या खरेदीखतात. मागे आमच्याकडे एक नदाफ मुलगी आली होती, हुशार. तिच्या, तिच्या वडिलांच्या, काकांच्या, सगळ्यांच्या दाखल्यांवर 'मुसलमान'. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दादांचे थोरले भाऊ अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यात दोन वर्षं शाळेत गेले होते. वडील एसटीनं तिथे गेले. मोडीतून नुकतंच बाळबोधीकडे वळलेलं ते रजिस्टर, त्यात स्वच्छ लिहिलेलं: पिंजारी. एका सहीशिक्क्याच्या उताऱ्यानं काम झालं. पण ते वडील अकरावीच्या दिवाळीत गेले होते, म्हणून झालं. जूनच्या मध्यापर्यंत शाळांना सुट्टी असते, मुख्याध्यापक गावी गेलेले असतात.

जातीचा दाखला मिळाला म्हणजे संपलं नाही. पुढे जिल्हा जात पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र लागतं. विज्ञान शाखेच्या मुलांनी तो अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो. प्राचार्यांची सही लागते, शपथपत्रं लागतात, आणि समितीला शंका आली तर दक्षता पथक घरी चौकशीला येतं. यात महिने जातात. कधी कधी सरकार वैधतेसाठी मुदत वाढवून देतं, पण त्या भरवशावर मुलीचं वर्ष टांगू नका.

काही कागद मात्र आत्ता काढू नका. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत 31 मार्चला संपते. आज काढलेलं आणि मार्चमध्ये संपणारं प्रमाणपत्र जूनमध्ये चालत नाही. उत्पन्नाचा दाखलाही नव्या आर्थिक वर्षाचा लागतो. एप्रिल उजाडला की तहसीलला किंवा सेतू केंद्रात जा, गर्दी व्हायच्या आत.

आता शेख, सय्यद, पठाण, खान, ज्यांची बिरादरी कुठल्याच यादीत नाही, ते म्हणतील आमचं काय. तुमच्यासाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचं दहा टक्के आरक्षण आहे. 2019 मध्ये घटनादुरुस्तीनं ते आलं आणि त्यात धर्माची अट नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि इतर कुठल्या आरक्षणात तुम्ही नसायला हवं. हॉटेलात, गॅरेजमध्ये, शिलाईवर चालणाऱ्या आपल्या किती घरांचं उत्पन्न आठ लाखांच्या वर आहे? पण प्रमाणपत्र घेऊन येणारे टेबलावर फारच कमी.

परीक्षांविषयी थोडक्यात सांगते. इंजिनिअरिंग, फार्मसीसाठी राज्याची सीईटी. तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. मेडिकलसाठी नीट, तिथे कापतात. बारावीचे गुण इंजिनिअरिंगला फक्त पात्रतेपुरते, क्रम सीईटीवर लागतो. म्हणून बारावीला ऐंशी टक्के मिळवून पेढे वाटलेल्या घरात जूनमध्ये सन्नाटा पसरतो. आणि पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. सत्तर पर्सेंटाइल म्हणजे शंभरात सत्तर मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे, तीस पुढे. परीक्षेला काही लाख मुलं बसतात, म्हणजे ते तीस किती होतात ते तुम्हीच मोजा. कॉमर्सवाल्यांनो, तुम्ही आरामात बसलात, पण बीबीए, बीसीए, बीएमएसलाही 2024 पासून सीईटी आहे. अलिगढ, दिल्लीकडे जायचं स्वप्न असेल तर केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी. तिचा अर्ज निकालाची वाट बघत नाही, त्याआधीच भरायचा असतो.

यानंतरचा टप्पा पसंतीक्रमाचा, आणि इथे मला राग येतो. हा अर्ज आपण सायबर कॅफेवाल्याला भरायला देतो. तो बिचारा दिवसाला पन्नास अर्ज भरतो, त्याला तुमच्या मुलाशी काय देणंघेणं? तो मागच्या मुलाची यादी पुढच्याला चिकटवतो. यंत्र तुमच्या यादीत वरून खाली बघतं, पहिली जी जागा गुणांत बसते ती देतं. वर अवघड कॉलेज लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही. तेव्हा जे खरंच हवं आहे ते वर लिहा, 'मिळेल का' हा विचार यंत्राला करू द्या. मात्र पहिल्या क्रमांकाला मनात नसलेलं कॉलेज चुकूनही लिहू नका. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली की ती सोडून पुढच्या फेरीत जाता येत नाही.

त्याच यादीत शिक्षण शुल्क माफीच्या जागा असतात, प्रत्येक शाखेच्या पाच टक्के, मंजूर जागांच्या वरच्या. जात लागत नाही, आठ लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला आणि गुण लागतात. त्यांचा पर्याय यादीत वेगळ्या सांकेतिक क्रमांकानं येतो. कॅफेवाला तो घालत नाही, कारण तुम्ही सांगत नाही, कारण तुम्हाला माहीत नसतं. अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांतल्या राखीव जागांचंही तसंच. मुंबईत भायखळ्याचं साबू सिद्दीक, पनवेलचं काळसेकर, मालेगावचं नदवी कॅम्पस ही नावं तुम्ही ऐकली असतील. अर्जात अल्पसंख्याक असल्याचा रकाना भरला तरच त्या जागांसाठी तुमचा विचार होतो. घाबरून तो रकाना रिकामा सोडणारे पालक मी पाहिलेत. का घाबरता ते मला कळतं. पण तो रकाना तुमच्या फायद्याचा आहे.

आणि एजंट. जूनमध्ये तो तुमच्या दुकानावर येईल, तुमच्याच मोहल्ल्यातला असेल, सलाम करून बसेल. 'सीट पक्की, आजच पैसे भरा' म्हणेल. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला सरकारी शुल्क सवलत मिळत नाही. चार वर्षांचं पूर्ण शुल्क तुमच्या डोक्यावर. त्या घाईत कितीतरी घरांनी आईचे दागिने मोडलेत.

मुलींच्या वडिलांनो, आता जरा तुमच्याशी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गातल्या आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खाजगी कॉलेजातसुद्धा, फक्त अभिमत आणि खाजगी विद्यापीठं यात येत नाहीत, आणि प्रवेश केंद्रीय फेरीतूनच झालेला हवा. खोली, जेवण, विकास शुल्क तुमचंच. तेव्हा 'पैसे कुठून आणू' हे अर्धं कारण आता उरलं नाही. उरलेलं अर्धं तुम्ही मला मोठ्यानं सांगत नाही, मीच सांगते: 'पुण्याला एकटी कशी राहील?' प्रश्न चुकीचा नाही. मलाही मुलगी आहे. पण त्याचं उत्तर अर्ज भरताना यादी छाटून द्यायचं नसतं. त्याचं उत्तर वसतिगृह बघून द्यायचं. काही जिल्ह्यांत अल्पसंख्याक विकास विभागाची मुलींची वसतिगृहं आहेत, कॉलेजांची स्वतःची आहेत. आईला घेऊन जा, जेवण चाखा, वॉर्डनशी बोला, मग नाही म्हणायचं तर म्हणा. न बघता नाही म्हणू नका. पोरगी अर्जात पुण्याचं कॉलेज पहिलं लिहिते, संध्याकाळी अब्बा येऊन ते खोडून घराजवळचं लिहितात, आणि तिला हे यादी लागल्यावर कळतं. हे मी पाहिलंय, एकदा नाही.

2020-21 च्या देशभरच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुस्लीम विद्यार्थी एकूण विद्यार्थ्यांच्या 4.6 टक्के होते. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा 14.2 टक्के. या फरकाची कारणं पुष्कळ आहेत, गरिबी आहे, भेदभावही आहे, त्यावर दुसऱ्या व्यासपीठांवर भरपूर बोललं जातं. माझ्या टेबलावरून जे दिसतं ते एवढंच की काही मुलं त्या फरकात एका उताऱ्यामुळे गेलीत.

मुलांनो, तुम्हाला एक काम. अर्जाचा पासवर्ड तुमच्या वहीत लिहा, ओटीपी येणारा मोबाइल नंबर घरातला हवा, आणि तो जुलैपर्यंत बंद होऊ देऊ नका. गेल्या वर्षी एकाचा सगळा प्रवेश मामूंच्या रिचार्ज संपलेल्या सिमकार्डात अडकून पडला होता. कॅफेवाल्याचा नंबर तर कधीच देऊ नका.

बस. आता भाषण थांबवते, टेबलं मांडलेली आहेत. ज्यांनी कागद आणलेत त्यांनी पिशव्या उघडा. ज्यांच्या दाखल्यावर 'मुसलमान' लिहिलंय त्यांनी खिडकीजवळच्या सरांकडे जा आणि दादांचं गाव, शाळा आठवून ठेवा. दोन नावंवाले माझ्याकडे. आणि चहा झालाय, तो गार व्हायच्या आत घ्या.