पडद्यावरील जगाचा इतिहास आणि आपली मुले



सहावी ते आठवीच्या मुलांना जगाचा इतिहास कसा शिकवावा, या विषयावर आज काही विचार मांडण्याची संधी मला मिळाली आहे. मी इतिहासाचा पंडित नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी आहे. माल डोळ्यांनी पाहिल्याखेरीज भाव ठरवू नये, ही व्यापारातील शिस्त इतिहासासही लागू पडते. आज जगातील मोठ्या संग्रहालयांतील वस्तू इंटरनेटवर विनामूल्य पाहावयास मिळतात.

एक उदाहरण पाहू. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात भारतीय छापील सुती कापडाचे सुमारे १,२०० तुकडे आहेत. इजिप्तच्या प्राचीन इतिहासाचे अभ्यासक पर्सी न्यूबेरी यांनी ते इजिप्तमध्ये जमविले आणि १९४६ मध्ये ते संग्रहालयास मिळाले. लाकडी ठशांनी छापलेले, निळ्या-तांबड्या रंगांचे हे कापड बहुतांशी गुजरातचे मानले जाते. कार्बन-परीक्षणानुसार काही तुकडे सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्या दमट हवेत असे जुने कापड क्वचितच टिकले. इजिप्तच्या कोरड्या भूमीने ते जपले.

शिक्षकांनी असा तुकडा वर्गात पडद्यावर दाखवावा आणि उत्तर लगेच सांगू नये. हे कापड कोणी छापले असेल? ते कोणत्या मार्गाने गेले असेल? तांबड्या समुद्रावरील कुसैर या जुन्या बंदराच्या उत्खननातही भारतीय छापील कापड सापडले आहे, हे सांगताच मुले नकाशावर सागरी मार्ग शोधतील, मोसमी वाऱ्यांची दिशा पाहतील. गुजरात, अरबस्तान आणि इजिप्त यांचा संबंध त्यांना पाठांतराविना उमगेल.

अशी इतरही साधने उपलब्ध आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ३,७५,००० छायाचित्रे सर्वांच्या मुक्त वापरासाठी खुली केली. स्टॅनफर्ड विद्यापीठात सिद्ध झालेल्या ‘रीडिंग लाइक अ हिस्टॉरियन’ या पाठमालेत एक प्रश्न आणि त्यावरील मूळ कागदपत्रे देऊन मुलांना निष्कर्ष काढावयास लावतात. २००९ मध्ये सुरू झालेला ‘वर्ल्ड हिस्टरी एन्सायक्लोपीडिया’ हा ज्ञानकोश पूर्वपीठिकेसाठी उपयुक्त आहे.

मात्र दोन गोष्टींचे भान ठेवावे. यातील बरेचसे साहित्य इंग्रजीत असल्याने पालकांनी अथवा शिक्षकांनी शेजारी बसून ते मराठीत उलगडून सांगावे लागेल. दुसरे असे की, पडद्यावरील साहित्य सदैव हाताशी असेलच असे नाही. ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या अनेक ऑनलाइन सेवा कित्येक महिने बंद होत्या. म्हणून निवडलेले चित्र त्याच्या संग्रह-क्रमांकासह उतरवून ठेवावे.

भ्रमणध्वनीवर इतिहासाच्या नावाने रोज कितीतरी मजकूर व चित्रे मुलांच्या हाती पडतात. खरे-खोटे पारखण्याची सवय याच वयात लागली पाहिजे. आठवड्यातून एक वस्तू, एक नकाशा आणि तीन प्रश्न, एवढे जरी आपण घरोघरी आरंभिले, तरी आपली मुले कोणत्याही विधानापुढे ‘पुरावा कोठे आहे?’ असे विनयाने, परंतु निर्भयपणे विचारतील.