माझी जादू, माझे नियम



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर मी पगार घेऊन रोज बोलते, इथे मला जादूवर बोलायचं आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच प्रश्न आला, "जादूटोणा नाही ना?"

नाही. काळजी नसावी. पण प्रश्न अगदी रास्त आहे, आणि माझं आजचं सगळं बोलणं त्याच प्रश्नाभोवती आहे.

आधी एक प्रयोग करू. प्रत्येकाच्या खुर्चीवर एक कोरी चिठ्ठी आहे. तिच्यावर कोणतीही चार अंकी संख्या लिहा. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. आता तेच अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे मांडा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याचे अंक घेऊन पुन्हा तेच करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे एक शून्य लावा. उत्तर बदलायचं थांबेपर्यंत करत राहा. मागच्या रांगेतल्यांनी एकमेकांचं बघून लिहू नये. तीस वर्षं झाली तरी मला तुमची खोड माहीत आहे.

आपल्या गणिताच्या सरांच्या हातात सकाळीच मी एक बंद पाकीट दिलंय. सर, उघडता का? आत लिहिलंय ६१७४. ज्यांची वजाबाकी चुकली नाही त्या सगळ्यांच्या चिठ्ठीवर हाच आकडा असेल.

आठवतं का? आठवीत सरांनी हेच फळ्यावर केलं होतं. त्यांनी ३५२४ घेतले होते. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आणि आले ६१७४. त्यापुढे कितीही करा, ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. सगळा वर्ग "जादू, जादू" म्हणून ओरडला. सरांनी खडू ठेवला आणि सांगितलं, की हा आकडा एका शाळामास्तरांनी शोधलाय. नाशिकजवळच्या देवळालीत शिकवणारे द. रा. कापरेकर. ही १९४९ची गोष्ट. कोणत्याही संख्येपासून सुरुवात करा, फार तर सात पायऱ्यांत तिथे पोचता. त्या दिवशी सरांनी आम्हाला चकित केलं आणि लगेच पाटीवर हिशेबही मांडून दाखवला. फसवलं गेल्याची भावना कुणाच्याच मनात राहिली नाही. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. कळायला फार वर्षं लागली, आणि एक मोठी चूक करावी लागली.

ती चूक सांगते.

२०१६मध्ये माझे वडील, अण्णा, गेले. तुमच्यापैकी बरेच जण आमच्या दुकानात वह्या घ्यायला यायचे, त्यांना अण्णा आठवत असतील. मी पुण्यात, भाऊ बंगळूरला. आई गावातल्या घरात एकटी. पाच-सहा महिन्यांनी शेजारच्या काकूंकडून कळलं, की आई दर गुरुवारी जवळच्या एका गावी कुणा महाराजांकडे जाते. ते रिकामा हात हवेत फिरवून अंगारा काढतात. अण्णांची काही इच्छा राहून गेली आहे असं त्यांनी आईला सांगितलं होतं. त्या इच्छेपायी आईच्या पाटल्या गेल्या होत्या.

मी इंजिनिअर. मला संताप आला. अंगारा कसा काढतात हे मला आपल्या शाळेतच कळलं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आले होते, त्यांनी मंचावर सगळं करून, उकलून दाखवलं होतं. राखेची वाळवलेली घट्ट गोळी बोटांच्या बेचक्यात धरायची आणि हात फिरवता फिरवता चुरडायची. मी पुण्यात आठवडाभर सराव केला. शनिवारी गावी आले. स्वयंपाकघरात आई, मावशी आणि शेजारच्या काकू बसल्या होत्या. मी हात फिरवला आणि आईच्या तळहातावर राख सोडली. म्हटलं, "हे बघ. हे एवढंच आहे. ह्यासाठी पाटल्या दिल्यास."

आईने हात पदराला पुसला. काकू उठून गेल्या. रात्री भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून, आई म्हणाली, "तुला राख दिसली. तो माणूस तासभर माझ्याशी ह्यांच्याबद्दल बोलायचा. कसे होते, काय आवडायचं, विचारायचा. तुम्ही पोरं फोन करता आणि गोळ्या घेतल्यास का तेवढं विचारता."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या माणसाने आईला लुबाडलं होतं, हे आजही माझं मत आहे. पण चार बायकांसमोर मी माझ्याच आईला मूर्ख ठरवलं, आणि तिच्या एकटेपणाला हात लावला नाही. पुढे चार महिने तिने माझ्यासमोर अण्णांचं नाव काढलं नाही.

त्या चार महिन्यांत मी जादूबद्दल वाचायला लागले. आधी महाराजांचं पितळ उघडं पाडायला म्हणून, मग स्वतःसाठी. वाचताना हुदिनी भेटला. बेड्या तोडून निसटणारा हुदिनी सगळ्यांना माहीत आहे. १९१३मध्ये त्याची आई गेली आणि तो कोलमडला. १९२२मध्ये अटलांटिक सिटीत, शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांच्या पत्नीने त्याच्या आईच्या आत्म्याला बोलावलं आणि तिच्या वतीने पानंच्या पानं लिहून दिली. मजकूर इंग्रजीत होता, वर क्रूस काढलेला होता. हुदिनीची आई ज्यू धर्मगुरूची बायको, आणि तिला इंग्रजी धड येत नव्हतं. डॉयल पतिपत्नींचा त्यावर मनापासून विश्वास होता, तरी पुढे मैत्री तुटली. हुदिनीने उरलेली वर्षं असल्या बैठकींची लबाडी उघड करण्यात घालवली. मला मात्र त्या गोष्टीत एकच दिसलं. ज्याला सगळ्या युक्त्या ठाऊक होत्या, तोसुद्धा त्या खोलीत आईचं पत्र मिळेल म्हणून बसला होता. मग माझ्या आईचं काय चुकलं?

तेव्हा मी ठरवलं, की जादू शिकायची तर नीट शिकायची, आणि कशासाठी करायची हेही ठरवून करायची.

शिकण्याबद्दल थोडं सांगते, कारण इथे बरेच जण शिक्षक आहेत, त्यांना मजा वाटेल. मी रोज रात्री पंधरा मिनिटं आरशासमोर बसते. एक रुपयाचं नाणं घेते, अण्णांच्या गल्ल्यातलं जुनं. नाणं एका हातातून दुसऱ्या हातात गेल्यासारखं दाखवायचं आणि पहिल्याच हातात ठेवायचं, हा अगदी पहिला धडा. सहा महिने माझा हात चोरासारखा दिसायचा. मग एक गोष्ट उमगली. खोटं करण्याआधी खरं करून बघायचं. नाणं खरोखर शंभर वेळा ह्या हातातून त्या हातात द्यायचं आणि आपला हात कसा वळतो, बोटं कधी सैल पडतात, डोळे कुठे जातात, हे पाहायचं. मग खोटं अगदी तसंच करायचं. आमच्या कामात आधी अपेक्षित उत्तर ठरवतो आणि मग प्रोग्रॅम तपासतो, तसंच हे. दुसरं म्हणजे, प्रेक्षक जादूगाराच्या नजरेमागे जातात. मी लपवलेल्या हाताकडे पाहिलं, की तेही तिकडेच पाहणार. मराठीत ह्याला नजरबंदी म्हणतात. खरं तर आपलीच नजर आधी बांधावी लागते. पत्त्यांचं म्हणाल तर, बावन्न पानं बरोबर अर्धी करून एक इकडचं, एक तिकडचं अशी अचूक मिसळली, वरचं पान वरच ठेवलं, तर आठ वेळांनंतर सगळी पानं मूळ क्रमाने परत येतात. गणित पक्कं आहे. मला अजून सलग आठ वेळा जमलेलं नाही.

पण हात बसला तरी मन बसलेलं नव्हतं. ऑफिसमधल्या एका पार्टीत मी मनातलं ओळखण्याचा प्रयोग केला. एका तरुण सहकारी मुलीने मनात धरलेलं नाव मी सांगितलं. टाळ्या पडल्या. मीही जरा जास्तच गंभीर चेहरा केला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "मॅडम, पुढच्या आठवड्यात पप्पांचं ऑपरेशन आहे. तुम्हाला काही जाणवतं का?"

ती कॉम्प्युटर इंजिनिअर होती. मला घाम फुटला. मी काही न बोलता नुसतं मान हलवून हसले असते, तर त्या महाराजांच्या आणि माझ्यात फक्त पाटल्यांचा फरक राहिला असता. मी तिला खाली चहाला नेलं, प्रयोग कसा केला ते सांगितलं आणि मग अर्धा तास तिच्या वडिलांबद्दल विचारलं. आईकडून शिकलेलं तिथे उपयोगी पडलं.

तेव्हापासून माझे चार नियम आहेत. डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलेले.

पहिला, सुरुवातीलाच सांगायचं की ही हातचलाखी आहे, माझ्याकडे कसलीही शक्ती नाही. लोकांना वाटतं ह्याने मजा जाते. जात नाही. नाटकाचा पडदा वर जातो तेव्हा हे नाटक आहे हे आपल्याला माहीत असतं, तरी रडू येतंच.

दुसरा, कुणाचं आजारपण, लग्न, गेलेलं माणूस, पैसा ह्यांना प्रयोगात हात लावायचा नाही. एकदाही नाही, गमतीतही नाही.

तिसरा, समोरच्याचं हसं करायचं नाही. चकित तो होतो, तर टाळीही त्याच्यासाठी असावी.

चौथा, शेवट पुरा करायचा. ९ एप्रिल १९५६ला आपले पी. सी. सरकार बीबीसीच्या 'पॅनोरमा'त मुलीला करवतीने कापण्याचा प्रयोग करत होते. मुलगी उठायच्या आतच कार्यक्रम संपवला गेला. मुलगी मेली असं वाटून लोकांनी फोनवर फोन केले. सरकारांना रातोरात प्रसिद्धी मिळाली, ते ठीक. पण कापलेली मुलगी तशीच ठेवून लोकांना घरी पाठवणं मला जमणार नाही. माझ्या प्रयोगात नाणं नेहमी परत येतं.

आता आईचं. चार महिन्यांनी मी गावी आले तेव्हा हात फिरवला नाही. ते नाणं ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, "अण्णांना जादू आवडायची का गं?" आईने जरा वेळ नाण्याकडे बघितलं. मग म्हणाली, की लग्नानंतर पहिल्यांदा अण्णा तिला जत्रेत घेऊन गेले होते. तंबूत जादूगाराने अण्णांचंच घड्याळ रुमालात गुंडाळून फोडलं, आणि अण्णा रडवेले झाले होते, कारण घड्याळ सासऱ्यांनी दिलेलं. चाळीस वर्षांत ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. घड्याळ अर्थातच शाबूत परत आलं. आई हसली. त्या रात्री आम्ही दोन तास अण्णांबद्दल बोललो.

आता महिन्यातून दोन रविवार मी येते. आई माझी परीक्षक आहे. एकदा नाणं नाहीसं केल्यावर म्हणाली, "हात चांगलाय तुझा. पण लपवताना डोळे मिचकावतेस." मी मोबाइलवर चित्रण करून पाहिलं. खरंच! ऐन वेळी माझे डोळे मिटत होते, जणू मलाच ते बघायचं नव्हतं. तीन वर्षं आरशात मला ते दिसलं नव्हतं, कारण डोळे मिटल्यावर आरशात काय दिसणार!

पाटल्या परत मिळाल्या नाहीत. महाराजांकडे जाणं हळूहळू थांबलं. मी थांबवलं असं म्हणणार नाही. अंगाऱ्याची पुडी अजून देवघरात आहे. मी तिला हात लावत नाही.

मित्रांनो, आपल्या वयाला आता घरोघरी एखादे आई-वडील एकटे आहेत. त्यांना कुणी लुबाडत असेल तर जरूर आडवे या. आपल्या राज्यात २०१३पासून त्यासाठी कायदा आहे, तो वापरा. पण त्याआधी जरा बसा आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारा. ती जागा आपण रिकामी ठेवली, की कुणीतरी येऊन बसतंच.

मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर पुढच्या जूनपासून महिन्यातून एक शनिवार मी आठवी-नववीच्या मुलांना नाण्याची आणि आकड्यांची जादू शिकवायला येईन. चारही नियमांसकट. पहिला तास ६१७४चा. तो मात्र सरांनीच घ्यावा, अशी त्यांना विनंती.

आणि मागच्या रांगेतल्या ज्यांच्या चिठ्ठीवर वेगळंच उत्तर आलंय, त्यांनी जेवणाआधी सरांना वजाबाकी दाखवावी.