डोक्यातल्या खपल्या शिवून लागत नाहीत
(ग्रामसंघाच्या मासिक सभेतील भाषण)

ताईंनो, मावशींनो, आज बचत गोळा करण्याआधी पाच मिनिटं डोक्याच्या कातडीबद्दल बोलूया.

कोंडा कुणालाही होतो. पण काहींच्या डोक्यात लाल, जाड चट्टे उठतात, वर पांढऱ्या खपल्या धरतात. कानामागे, कोपरावर, गुडघ्यावरही दिसतात. हा सोरायसिस असू शकतो.

एरवी आपली कातडी साधारण महिनाभरात नवी होते. या आजारात ती तीन-चार दिवसांतच वर येते. जुनी झडायला वेळच मिळत नाही, म्हणून थर साचतो. मग सांगा, यात करणी कुठे आली? शिवल्याने, एका सतरंजीवर बसल्याने सोरायसिस लागत नाही. तरी अशी बाई सभेत दाराशी बसते, डोक्यावरचा पदर काढत नाही. तिला हाताला धरून आपल्यात बसवा.

लहान मुलाच्या डोक्यात केस गळून गोल चट्टा पडला, तर मात्र तो नायटा असू शकतो. तो फणी-टॉवेलवरून लागतो, त्याला पोटातून गोळ्या लागतात. म्हणून आजार कोणता ते डॉक्टरांनाच ठरवू द्या. मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे.

दुकानातून खाजेची ट्यूब मनाने आणू नका. पुष्कळ ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. आधी बरं वाटतं, बंद केली की आजार उलटतो, कातडीही पातळ होते. डॉक्टरही असं औषध देतात, पण किती आणि किती दिवस ते सांगून देतात.

सोरायसिस मुळासकट जात नाही, पण बीपीसारखा आटोक्यात राहतो. रात्री खोबरेल लावून खपल्या मऊ करा, सकाळी धुवा. नखाने खरवडू नका, खरवडलं तिथे नवा चट्टा उठतो. सकाळी सांधे आखडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

खरी अडचण पुढेच आहे. दिवाळीनंतर आपल्यातल्या कितीतरी जणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात आणि औषध तुटतं. थंडीत हा आजार वाढतो, नेमका तेव्हाच! २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन असतो. त्या आठवड्यात प्रत्येक गटाने जाणाऱ्या बायांना विचारायचं: औषध पुरेल एवढं मागून घेतलं का? केसपेपर पिशवीत ठेवला का? तिकडच्या सरकारी दवाखान्यात तोच कागद दाखवायचा.

चला, आता बचतीची वही उघडा.