अपत्यहीन भगिनींचे दुःख व आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाची वाच्यता सभेत होत नसते. ती होते माजघरात, आणि तीही जिच्याविषयी बोलावयाचे ती उठून गेल्यावर. म्हणूनच आम्ही तो मुद्दाम येथे काढीत आहोत.

पिठोरी अमावास्येला अनेक घरांत आई वाण डोक्यावरून मागे नेते आणि ‘अतिथी कोण?’ असे विचारते. पाठीमागचे लेकरू ‘मी’ म्हणते. ज्या घरात ‘मी’ म्हणणारे कोणी नाही, त्या घरच्या सुनेने त्या संध्याकाळी कोठे बसावे? श्रावणी शुक्रवारी जिवतीची पूजा, शेजारी डोहाळजेवण, पुढे बारसे. वर्षाचे पंचांगच तिला टोचीत असते. तिच्यासाठी भाषेने एक बोचरी शिवीही घडविली. पुरुषासाठी ‘निपुत्रिक’ आहे, पण तो पोथीतला शब्द. त्यात डंख नाही.

आम्ही वैद्य नव्हे. परंतु जाणत्यांकडून समजून घेतले ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालानुसार दर सहा माणसांमागे सुमारे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वास तोंड द्यावे लागते. माणसांमागे म्हटले आहे, स्त्रियांमागे नव्हे. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. पुरुषाची पहिली तपासणी सोपी, स्वस्त व वेदनारहित आहे. तरीही पत्नीची दुर्बिणीची तपासणी उरकते, नवससायास होतात, आणि पतिराज दवाखान्याच्या बाहेर चहा घेत उभे असतात! आपल्या देशात क्षयाचे जंतू गर्भनलिकांत शिरून त्या बंद करतात, हेही एक मोठे कारण आहे. त्यास खोकला असावाच लागतो असे नाही.

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात ओल्डहॅम येथे पहिले टेस्ट ट्यूब बालक जन्मले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा जन्मली. महाराष्ट्रास अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. मात्र भरलेल्या पाळण्याचे छायाचित्र छापले जाते; रिकाम्या हाताने परतणाऱ्यांचे कोण छापणार? चांगल्या ठिकाणीसुद्धा एका फेरीत यश न येणाऱ्याच अधिक असतात, आणि चाळिशीनंतर आशा फारच क्षीण होते.

वसमत तालुक्यातील एका भगिनीने आमच्या कुटुंबाजवळ आपले मन मोकळे केले. हळदीच्या पिकाचा पैसा आणि अंगावरचे डाग या उपचारांत गेले होते. दहाबारा दिवस रोज इंजेक्शन, मग स्त्रीबीजे काढणे, मग गर्भ आत सोडणे, आणि त्यानंतर रक्ततपासणीपर्यंतचे सुमारे दोन आठवडे. त्या दिवसांत ती जिना जपून चढे, शिंक आली तरी दचके, मनातल्या मनात नावही ठेवी. तीन वेळा असे झाले. तिन्ही वेळा कागदावर नकार आला. तिचे म्हणणे असे की, कोणी गेले असते तर चार माणसे भेटावयास तरी आली असती. याला सुतक नाही, दहावा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून भाकऱ्या थापावयाच्या. वर घरात कुजबूज ऐकावयाची, की हिनेच दगदग केली असेल. वास्तविक पुष्कळदा दोष त्या गर्भाच्याच रचनेत असतो. तिच्या उठण्याबसण्याशी त्याचा संबंध नसतो. चौथ्या फेरीस तिने नकार दिला तेव्हा सासरी तिला हट्टी ठरविले. आमच्या मते तो नकार देण्याचा तिला पूर्ण अधिकार होता.

जोतीराव व सावित्रीबाई फुले यांस मूल नव्हते. दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला, जोतीरावांनी तो मानला नाही. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई निवर्तल्या, तेव्हा तोही त्याच कार्यात होता. दत्तक हाच एक मार्ग आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. दोघांनीच सुखाने राहणारी जोडपीही आमच्या पाहण्यात आहेत.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पहिली पत्नी असता दुसरे लग्न बेकायदा आहे, आणि मूल न होणे हे त्या कायद्यात घटस्फोटाचे कारण नाही. तरीही सुनेस माहेरी धाडून नवी सोयरीक शोधणारे महाभाग आपल्यात आहेत. अशांचे नाव मंडळाने वधूवर सूचीत घेऊ नये, असा ठराव आम्ही कार्यकारिणीकडे लेखी दिला आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीची ओटी भरावी, कोणास किती मुले हे विचारू नये, अशी महिला शाखेस विनंती आहे. आणखी एक. आपल्या कुटुंबसूचीत ‘अपत्ये’ असा एक रकाना असतो आणि काही नावांपुढे त्यात ठळक अक्षरांत ‘नाही’ असे छापले जाते. पुढील आवृत्तीत तो रकाना ज्यास भरावयाचा त्यानेच भरावा, इतरांच्या नावापुढे काहीही छापू नये, एवढे चिटणीसांनी कृपा करून लिहून घ्यावे.