लांब पल्ल्याची मालवाहतूक आणि झोपेचा प्रश्न

ज्या फेरीत चालक त्याच दिवशी घरी परतत नाही आणि गाडीची केबिन हीच त्याची कचेरी, जेवणघर व झोपण्याची जागा होते, तिला लांब पल्ल्याची मालवाहतूक म्हणतात. या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्या तरुणाने सुरुवात कशी करावी, हा विषय या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या स्नेहसंमेलनासाठी प्राचार्यांनी निमंत्रणपत्रातच नेमून दिला आहे. त्यामागचे कारण उघड आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८, ज्याला जुनी माणसे अजूनही ‘एनएच चार’च म्हणतात, संस्थेच्या कुंपणाला लागून जातो, आणि डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांपैकी काही जण दरवर्षी पान्याऐवजी स्टिअरिंग धरतात. प्रस्तुत वक्ता त्यांच्यापैकीच एक. बोलावणे आले ते तेवढ्यामुळे, कोणत्याही पांडित्यामुळे नव्हे.

विषयाला हात घालण्यापूर्वी कार्यशाळेचा उल्लेख टाळता येत नाही. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलाला इंजिनाजवळ फिरकूही दिले जात नसे; बाकावरच्या व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी आवळून ती कानसेने घासत बसणे, घासून काटकोनात आणणे आणि व्हर्नियरने मोजल्यावर पुन्हा घासणे, एवढेच त्याचे काम असे. त्यानंतर टॅपेटची फट मोजण्याचा फीलर गेज हाती येई. फीलर गेज म्हणजे निरनिराळ्या जाडीच्या पातळ पोलादी पात्यांची जुडी. तिचे पाते झडप आणि रॉकर यांच्यामध्ये सरकवल्यावर बोटांना जो किंचित अडथळा जाणवतो, तो शब्दांत सांगता येत नाही, तो हाताने शिकावा लागतो. रॉकेलने भरलेली घमेली, कॉटन वेस्टचे बोळे आणि अर्धे कापून आतले भाग लाल-निळ्या रंगांनी दाखवलेले ते जुने इंजिन आजही त्याच कोपऱ्यात आहे, हे सायंकाळी संस्था पाहताना दिसले. रंग मात्र कोणी तरी नव्याने दिला आहे, आणि निळ्याच्या जागी हिरवा दिला आहे. डिझेलचा मार्ग आणि पाण्याचा मार्ग यांत त्यामुळे गोंधळ होतो, याची नोंद संबंधितांनी घ्यावी.

पहिल्या रांगेत डावीकडे बसलेले निवृत्त शिल्पनिदेशक त्या कार्यशाळेचे प्रमुख होते. त्यांचा दरारा एवढा होता, की त्यांच्या चपलांचा आवाज ओळखण्याची विद्या पहिल्याच आठवड्यात आत्मसात करावी लागे. मात्र त्यांचा एक नियम त्या वेळी विद्यार्थ्यांना अनाकलनीय वाटे. लेथजवळ जांभई देणाऱ्या मुलाला ते रागावत नसत, शिक्षाही करीत नसत; त्याला मागच्या स्टोअरमध्ये पाठवून गोणपाटावर झोपवत आणि घंटा झाल्यावरच उठवत. हजेरीपटावर त्याची हजेरी लागलेली असे. फिरत्या यंत्रापाशी पेंगुळलेला माणूस उभा करणे हा गुन्हा आहे, एवढेच त्यांचे स्पष्टीकरण असे. पुढील सर्व विवेचन हे वस्तुतः त्या एका नियमाचे भाष्य आहे आणि मालवाहतुकीविषयी जे काही सांगायचे आहे ते त्यातच येते, असे मानण्यास हरकत नाही.

प्रतिपादन असे, की तरुण माणसाने रात्री पुरेशी झोप घेतलीच पाहिजे, आणि ज्या कामात ती मिळत नाही त्या कामाची पद्धत बदलली पाहिजे. हे म्हातारपणीचे कुरकुरणे वाटण्याची शक्यता असल्यामुळे थोडा आधार देणे इष्ट ठरेल. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. हात आणि डोळे यांचा मेळ तपासणाऱ्या चाचणीत, सतत १७ तास जागा असलेला माणूस १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकाच मागे पडतो आणि २४ तास जागा असलेला सुमारे १०० मिलिग्रॅमवाल्याच्या पंक्तीला जाऊन बसतो, असे त्यात आढळले. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५नुसार मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. याचा अर्थ असा, की सकाळी सहाला उठून रात्री अकराला स्टिअरिंगवर असलेला चालक थेंबभरही न पिता कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. फरक एवढाच, की त्याच्या तोंडासमोर धरायचे यंत्र पोलिसांकडे नाही. त्यात मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे पाच-सहा हा काळ असा, की शरीराचे घड्याळच माणसाला खाली ओढते. या वेळी जी येते ती सूक्ष्मझोप, म्हणजे दोन-चार सेकंदांची, डोळे उघडे असतानाही येऊ शकणारी व आलेली कळतही नाही अशी डुलकी. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत सुमारे ६७ मीटर जाते, आणि तेवढ्या अंतरापुरती ती कोणीच चालवत नसते. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी आणि उघडी खिडकी हे उपाय परंपरेने चालत आले आहेत. त्यांनी झोप जात नाही, ती थोडी पुढे ढकलली जाते. गाडी सुरक्षित जागी लावून घेतलेली वीस मिनिटांची झोप या सर्वांहून अधिक उपयोगी पडते.

चालक झोपत का नाही, याचे उत्तर त्याच्या स्वभावात शोधण्याची पद्धत आहे, आणि ती चुकीची आहे. मोठ्या शहरांत दिवसा अवजड वाहनांना ‘नो एन्ट्री’ असते, त्यामुळे शहरात शिरणे आणि शहर ओलांडणे रात्रीवर जाते. कारखान्याच्या फाटकाबाहेर नंबर लावून उभे राहायचे, भरणी झाली की ताडपत्री बांधायची, काट्यावर वजन करून बिल्टी घ्यायची (बिल्टी म्हणजे माल गाडीत चढल्याची वाहतूकदाराने दिलेली पावती), आणि मुक्कामी पोहोचल्यावर गाडी खाली होईपर्यंत पुन्हा ताटकळत बसायचे. हा वेळ कामात धरला जात नाही आणि विश्रांतीतही धरता येत नाही, कारण नंबर केव्हा पुकारला जाईल याचा नेम नसतो. पूर्वी केबिनमध्ये दुसरा माणूस असे. क्लीनर, ज्याला बोलीत किन्नर म्हणत, मागे पाहून गाडी मागे घेताना आवाज देई, चाकांची हवा पाही, रात्री चालकाशी बोलत बसे आणि काही वर्षांनी स्वतः चालक होई. खर्च वाचवण्यासाठी अनेक मालकांनी हा माणूस काढून टाकला, आणि चालक घडवण्याची एकमेव शाळा त्याबरोबर बंद पडली, याचा हिशेब मात्र कोणी मांडलेला दिसत नाही. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली आणि सलग ५ तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली; परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता, आणि महाराष्ट्रातील असंख्य गाड्यांचे मालक एका किंवा दोन गाड्यांचेच आहेत.

घाई कागदपत्रांमुळे करावी लागते, असाही एक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल नेताना १ एप्रिल २०१८पासून ई-वे बिल, म्हणजे मालाची, पाठवणाऱ्याची आणि गाडीची नोंद असलेले संगणकीय पत्र, लागते, आणि २०२१च्या आरंभापासून सर्वसाधारण मालासाठी त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. हजार किलोमीटरच्या फेरीला पाच दिवस! सरकारी कागद जर एवढी सवड देत असेल, तर चालकाला दुसऱ्याच दिवशी पोहोचण्याचा फोन कोण करतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. रावेर-सावद्याच्या केळ्यांसारख्या नाशवंत मालाची घाई समजू शकते. ताज्या फळांना तर ई-वे बिल लागतही नाही. पण सिमेंट, फरशी आणि लोखंडी सळ्या सडत नाहीत. संस्था व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष स्वतः वाहतूकदार आहेत आणि त्यांच्या चौदाचाकी गाड्या या पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहेत. त्यांनी या वाक्याला मान डोलावली आहे, आणि ती संमती होती की डुलकी, याचा निर्णय त्यांच्याकडेच सोपवणे सभ्यपणाचे होईल.

घाट उतरण्याच्या तंत्राविषयी सविस्तर सांगावे, अशी शिल्पनिदेशकांची सूचना होती. वेळेअभावी तत्त्व तेवढे नोंदवता येईल. भरलेली गाडी उतारावर गिअरमध्ये ठेवली तर इंजिन तिला मागे धरून ठेवते. ती न्यूट्रल केली, म्हणजे इंजिन आणि चाके यांचा संबंध तोडला, तर सारा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेल्या ब्रेकची पकड सुटत जाते. काही जण इंजिनच बंद करतात. मग हवेच्या टाक्या भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून पुण्यातील नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारावर मोठे अपघात वारंवार झाले आहेत, आणि त्यांच्या चर्चेत न्यूट्रलचा उल्लेख येतोच. हे अज्ञानातून घडते, असे समजणे भाबडेपणाचे आहे. फेरीला डिझेल ठरवून दिले जाते आणि वाचलेले डिझेल चालकाच्या पदरात पडते; अशा ठिकाणी न्यूट्रल हा हिशेबातून आलेला निर्णय असतो, आणि हिशेब बदलल्याशिवाय तो बदलणार नाही. शिवाय उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली घ्यायचा असतो, आणि ‘आधी’ हे पेंगुळलेल्या माणसाला कळत नाही. विषय पुन्हा झोपेकडे येतो तो असा.

उजवीकडच्या रांगांत बसलेल्या मुलांनी मंडप आणि रोषणाई यांसाठी दोन रात्री जागून काढल्याचे सूत्रसंचालकांनी कौतुकाने सांगितले. मंडप उत्तम झाला आहे. कौतुक मात्र अस्थानी आहे. वसतिगृहात रात्री दीडला मोबाईलच्या उजेडाने निळी झालेली तोंडे अधीक्षकांनी पाहिली असतीलच, आणि त्यांनी ती पाहूनही दार लोटून घेतले असेल, तर त्यांच्या दयाळूपणाचा पुनर्विचार व्हावा. साडेसहाचा कार्यक्रम पावणेनऊला सुरू करण्याची प्रथा या संस्थेत पूर्वीपासून आहे आणि तिचे जतन निष्ठेने झालेले दिसते. परंतु यातल्या कित्येकांना सकाळी आठला कार्यशाळेत ग्राइंडरसमोर उभे राहायचे आहे.

मुलींच्या बाजूने एक चिठ्ठी आली आहे, तिचे उत्तर देणे आवश्यक आहे. हा व्यवसाय स्त्रियांना करता येतो काय, असे तीत विचारले आहे. नंदुरबारच्या, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या योगिता रघुवंशी यांनी पतीच्या निधनानंतर भोपाळमध्ये राहून ट्रक चालवायला घेतला आणि अनेक राज्यांत माल पोहोचवला, ही जगजाहीर गोष्ट आहे. अडचण स्टिअरिंगच्या वजनाची राहिलेली नाही. महामार्गावर रात्री सुरक्षितपणे गाडी लावता येईल अशी उजेडाची जागा, स्वच्छतागृह आणि दाराला आतून कडी, या गोष्टींची उणीव आहे, आणि त्या पुरुष चालकांनाही हव्याच आहेत. २०२५पासून नव्याने बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे पाऊल योग्य दिशेने पडले आहे. मे महिन्यात तापलेल्या पत्र्याखाली दुपारची झोप कशी लागते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ही चैन वाटणार नाही.

व्यवसायाची सुरुवात कशी करावी, हे सांगायचे राहिले आहे, आणि प्राचार्यांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे. मालवाहू गाडीच्या परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो; म्हणून अठरा पूर्ण होताच तो काढून ठेवणे शहाणपणाचे. ७५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा आरंभ अशा लहान गाडीवर, जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आणि दिवसाच्या फेऱ्यांनी करावा. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली निघाली, पण ई-वे बिल वाचता न येणारा चालक आज नाक्यावर अडतो, त्यामुळे या मुलांचे शिक्षण वाया जाण्याची भीती कोणी बाळगू नये. पहिली नोकरी धरताना पगार, भत्ता आणि डिझेलचा हिशेब यांबरोबर फेरीला दुसरा चालक मिळणार की नाही, आणि गाडी खाली होईपर्यंतच्या दिवसांचे पैसे कोण देणार, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर टाळणाऱ्या मालकाकडे पाणीही न पिता उठावे. वैद्यकीय दाखल्याचा नमुना १-अ नोंदणीकृत डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. त्याच्या कोऱ्या प्रती कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांकडे ठेवल्या आहेत. ते तिसऱ्या रांगेत खांबाजवळ बसले असून उद्या सकाळी दहानंतर त्या देण्याचे त्यांनी मान्य केले आहे.