आवाज येतोय का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या सांगली आणि साताऱ्याच्या माणसाला व्यवसाय म्हटला, की अंतर आलेच. विट्याची पेढी, तर दुकान तमिळनाडूत. तासगावचा बेदाणा, तर गिऱ्हाईक दिल्लीत. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तयार झालेला सुटा भाग, तर त्याचा नकाशा काढणारा पुण्याला. बोलायचे एकमेकांशी आणि बसायचे शेकडो कोस दूर, ही आपल्या भागाची जुनी अडचण आहे. आज ती अडचण कमी खर्चात कशी सोडवता येते आणि सोडवताना कोठे चुकते, याविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना काढला. नांगर माळावर तयार होणार आणि खपणार मात्र दूरदूरच्या गावांत. विक्रेते आणि गिऱ्हाइके यांच्याशी बोलणे राहावे म्हणून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले. पुढे त्याचे मोठे मासिक झाले, पण मूळ गरज होती ती कारखान्याचे म्हणणे लांबच्या माणसापर्यंत पोचवण्याची. नंतर ट्रंक कॉल आले. सकाळी नोंदवलेला कॉल दुपारी लागायचा, आणि तीन मिनिटे संपली की ऑपरेटर मध्येच विचारायची, "वाढवू का?" घाई असली तर लायटनिंग कॉल, तो लवकर लागायचा, पण पैसे कितीतरी पट. मग एसटीडीचे पिवळे बूथ आले. रात्री दर उतरले, की बूथबाहेर रांग लागायची. आमच्या गावातल्या कितीतरी सुना नवऱ्याशी बोलल्या त्या या रांगेत उभ्या राहून.

इंटरनेट आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांत संगणक केंद्रे उभारण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याचे नाव देशभर गाजले. पुढे याच भागातल्या सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर ऊसउत्पादकांची तीच कामे करून पाहिली गेली, आणि ती झाली. त्यातला धडा मला आजही महत्त्वाचा वाटतो: यंत्र मोठे असून भागत नाही, ते माणसाच्या हातात असावे लागते.

इंटरनेटवरून बोलण्याला आपल्या देशात कायद्याने परवानगी मिळाली १ एप्रिल २००२ पासून. २००३ मध्ये स्काइप आले. संगणकाला कॅमेरा आणि कानाला हेडफोन लावून माणसे परदेशातल्या मुलांशी बोलू लागली. ते स्काइपही ५ मे २०२५ रोजी बंद झाले. २०१६ च्या अखेरीपासून मोबाईल डेटा झपाट्याने स्वस्त झाला, त्याच वर्षी व्हॉट्सॲपवर चित्रासह बोलणे सुरू झाले, आणि २०२० च्या टाळेबंदीने उरलेसुरले सगळे शिकवले.

आज लहान व्यावसायिकाला काय काय उपलब्ध आहे? व्हॉट्सॲपवर एका वेळी बत्तीस जणांना बोलता येते, आणि ते बहुतेकांच्या हातात आधीच आहे. गूगल मीटवर शंभर माणसे तासभर विनामूल्य बसू शकतात. झूमवर शंभर माणसे, पण चाळीस मिनिटे. जित्सी नावाची मुक्त प्रणाली आहे. तिच्या संकेतस्थळावर बैठक बोलावणाऱ्याला खाते लागते, पण एखाद्या पतसंस्थेने किंवा कारखान्याने ठरवले तर ती स्वतःच्या संगणकावरही बसवता येते, म्हणजे बोलणे आपल्या घरातच राहते. आपल्या देशातही अशा प्रणाली तयार होतात. २०२० मध्ये केंद्र सरकारने घेतलेली स्पर्धा केरळमधल्या अलप्पुळा जिल्ह्यातल्या एका छोट्या कंपनीने जिंकली होती. सशुल्क सेवा घ्यायची झाली, तरी शुल्क साधारणपणे बैठक बोलावणाऱ्यापुरते असते. बाकीच्यांना काही द्यावे लागत नाही. म्हणजे दहा दुकानांच्या पेढीला दहा वर्गण्या लागत नाहीत, एक पुरते.

आता खर्चाचा हिशेब. चित्रासह बोलताना सेकंदाला एक मेगाबिट माहिती एका दिशेने जाते असे धरले, तर तासाला साडेचारशे एमबी होतात. येणारे आणि जाणारे मिळून नऊशे. नुसता आवाज असेल, तर दोन्ही बाजू मिळून तासाला साठ-सत्तर एमबीत काम होते. म्हणजे चित्राचा खर्च आवाजाच्या तेरा ते पंधरा पट. पाटणच्या किंवा जावळीच्या डोंगरात, नाहीतर जत-आटपाडीच्या टोकाला, जिथे रेंज काठावर असते, तिथे पहिले काम करायचे ते कॅमेरा बंद करण्याचे. चेहरा गोठला तरी चालेल, शब्द तुटता कामा नये. व्यवहार शब्दावर ठरतो.

आणि आवाज सुधारायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वायरचा साधा इअरफोन. मोबाईलच्या स्पीकरमधून निघालेला आवाज त्याच मोबाईलच्या माइकमध्ये परत शिरतो, तो घुमू नये म्हणून यंत्रणा एका बाजूचा आवाज दाबते, आणि दोघे एकदम बोलले की कोणाचे तरी अर्धे वाक्य गिळले जाते. इअरफोन लावला, की ही भानगडच उरत नाही.

कॅमेऱ्याचेही एक सांगतो. सांगलीची हळद आणि सांगलीचा बेदाणा या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण व्हिडिओवर माल दाखवताना कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग जुळवतो. ट्यूबलाइटखाली पिवळे हळकुंड फिके दिसते, बल्बखाली तेच गडद. त्यामुळे मालाशेजारी एक पांढरा कागद ठेवावा आणि दिवसाच्या उजेडात दाखवावा. तरीही हळकुंड मोडल्याचा आवाज, बेदाण्याचा चिकटपणा, हळदीचा वास यांतले काही पडद्यातून जात नाही. बोलणी व्हिडिओवर करावीत, सौदा मात्र नमुना हातात आल्यावर.

श्रोते हो, आता मी ज्या गोष्टीसाठी आज इथे आलो, ती सांगतो.

आमचे घर गलाईवाल्यांचे. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगाव, शेजारचे माण आणि खटाव, या दुष्काळी तालुक्यांतली हजारो माणसे सोने-चांदी आटवण्याच्या आणि शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. सराफाकडची मोड आणि कचरा आणायचा, मुशीत आटवायचा, तेजाबात सोने वेगळे काढायचे, टंच काढून द्यायचा. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत मराठी बोलणारा माणूस भेटेल. आमचीही दक्षिणेत तीन दुकाने होती. चुलतभाऊ, मेहुणे असे पाच भागी. आणि गावाकडे सगळ्यांत थोरले आबा, माझे चुलते. धंद्यातून ते निवृत्त झाले होते, पण त्यांच्या शब्दाशिवाय घरात काही ठरत नसे.

२०२० च्या जुलैमध्ये आम्ही मोबाईलवर बैठक घेतली. तीन महिने दुकाने बंद, भाडे मात्र चालू. तीनपैकी एक दुकान सोडायचे का, एवढाच प्रश्न. ते दुकान चुलतभाऊ चालवायचा, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याच्या हाताखाली गावाकडचीच तीन पोरे होती. आबा रेंजसाठी घरामागच्या लिंबाखाली बसले होते. आम्ही तासभर बोललो. शेवटी मीच विचारले, "आबा, सोडून देऊ या ना दुकान? तुम्हाला मान्य आहे ना?" पडद्यावर आबांचा चेहरा दिसत होता. ओठ हलल्यासारखे वाटले. आवाज काही आला नाही. कोणीतरी म्हणाले, "आबा काही बोलत नाहीत, म्हणजे मान्य आहे." दादाही गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी मी घरमालकाला कळवून टाकले.

आठ दिवसांनी आबांचा साधा फोन आला. "आरं, मी नको म्हणलो की रं. पाच डाव म्हणलो. तुमाला ऐकूच गेलं न्हाई?"

त्यांचा माइक बंद होता. बोट लागून बंद झाला होता, आणि तासभर आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आले नाही. आबांचे म्हणणे होते, की दिवाळीपर्यंत कळ काढा. त्या गल्लीतली जागा एकदा गेली की परत मिळत नाही. तसेच झाले. जागा दुसऱ्याने घेतली. दादा गावी परतला. त्या तीन पोरांपैकी दोघांनी दुसऱ्याची मूस धरली, एक अजून गावातच आहे. आबा रागावले नाहीत. पण नंतरच्या प्रत्येक बैठकीत त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असायचे, "माझा आवाज येतोय का?" ते ऐकले, की माझी मान खाली जायची.

दोष यंत्राचा होता का? नाही. माइक बंद असल्याची खूण पडद्यावर होती. दोष आमचा होता. समोरासमोरच्या बैठकीत थोरला माणूस बोलत नाही, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहून आपल्याला कळते, की हा रुसला आहे, विचार करतो आहे, की तयार आहे. मोबाईलवर मौन म्हणजे संमती नव्हे. मौन म्हणजे रेंज गेलेली असू शकते.

पुढे एका सनदी लेखापालाने मला सांगितले, की मोठ्या कंपन्यांसाठी याचे नियम आधीच लिहून ठेवलेले आहेत. कंपनी कायदा २०१३ चा. संचालकांना दृक्‌श्राव्य माध्यमातून बैठकीला हजर राहता येते. पण २०१४ च्या नियमांप्रमाणे सुरुवातीला अध्यक्षाने एकेकाची हजेरी घ्यायची. प्रत्येकाने आपले नाव आणि आपण कोठून बोलतो आहोत ते सांगायचे. कोणाचे बोलणे तुटले किंवा अस्पष्ट आले, तर त्याला ते पुन्हा सांगायला लावायचे. ठरावाला हरकत आली आणि मत घ्यायची वेळ आली, तर नाव पुकारून प्रत्येकाचे मत नोंदवायचे. मी हे ऐकले आणि गप्प बसलो. एवढे चार नियम आम्हाला माहीत असते, तर ते दुकान राहिले असते असे मी म्हणत नाही. पण आबांचे म्हणणे निदान ऐकले गेले असते.

ही गोष्ट फक्त घरगुती भागीदारीची नाही. कोरोनाच्या काळात साखर कारखान्यांच्या आणि बँकांच्या वार्षिक सभाही ऑनलाइन झाल्या. अशा सभेत माइक कोणाचा चालू आणि कोणाचा बंद, हे व्यासपीठावरचा माणूस ठरवू शकतो. म्हणून सभासदाने आपला प्रश्न लेखी पाठवावा, आणि संस्थेने त्याची पोच द्यावी.

आमच्या घरी आता पद्धत ठरली आहे. सुरुवातीला नावे घेऊन हजेरी. वयाने मोठ्या माणसाने आधी बोलायचे, म्हणजे त्याचा आवाज येतो की नाही ते तिथेच कळते. निर्णयाच्या वेळी प्रत्येकाने तोंडाने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे. मान डोलावलेली चालत नाही. कोणी तुटला, तर साधा फोन लावून त्याचे मत घ्यायचे. ठरलेले चार ओळींत लिहून त्याच दिवशी सर्वांना पाठवायचे, आणि एक रात्र जाऊ दिल्याशिवाय बाहेर कळवायचे नाही.

एक सावधगिरीची सूचनाही. बैठकीचा दुवा वीस गटांत फिरवू नका, आणि आलेल्या प्रत्येकाला तपासूनच आत घ्या. पडदा दाखवताना बँकेचे ॲप उघडे ठेवू नका. व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसला आणि 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' म्हणाला, तर फोन ठेवून द्या. अशी अटक कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरूनच हे सांगितले होते. तरीही फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा.

साधने आता स्वस्त झाली आहेत, काही तर फुकट आहेत. एके काळी तीन मिनिटांसाठी दिवस घालवणारे आपण आता तासन्‌तास बोलू शकतो. बोलणे स्वस्त झाले म्हणून ऐकणे मात्र आपोआप होत नाही. पुढच्या वेळी दूरच्या माणसांची बैठक घ्याल, तेव्हा कामाला लागण्याआधी सर्वांत शांत असलेल्या माणसाचे नाव घ्या आणि त्याला विचारा, "तुमचा आवाज येत नाही, काही म्हणायचंय का?"