उंचावरील तोफ आणि विरळ हवा

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या युद्धात भारतीय तोफखान्याच्या १५५ मिलिमीटर बोफोर्स तोफा द्रासच्या खोऱ्यातून शिखरांवर मारा करू लागल्या, तेव्हा त्यांचा पल्ला मैदानातल्यापेक्षा कित्येक किलोमीटरांनी वाढलेला आढळला. याचे कारण विचारले, तर सुशिक्षित मनुष्यही चटकन सांगतो की, उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असते. हे म्हणणे खोटे नाही. परंतु केवळ त्यावर विसंबणाऱ्या गोलंदाजाचा गोळा शिखर ओलांडून पलीकडच्या दरीत जाईल.

गुरुत्वाकर्षण उंचीबरोबर किती घटते? पणजीच्या किनाऱ्यावर स्प्रिंगच्या काट्याने तोललेला एक किलो माल सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात त्याच काट्यावर पाव ग्रॅमनेही कमी भरत नाही. पाच हजार मीटर उंचीवरच्या टायगर हिलसारख्या शिखरावरही ही घट शेकडा एक पंचमांशाहून कमीच. हवेची गोष्ट मात्र निराळी. बेळगावात ती किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते, तीन हजार मीटरांवर तिचा चौथा हिस्सा नाहीसा होतो आणि पाच हजारांवर जेमतेम साठ टक्के घनता उरते.

हा फरक बंदुकीच्या गोळीवरूनही उमगेल. समजा, हजार मीटर अंतर कापण्यास गोळीला किनाऱ्यावर १.६ सेकंद लागतात. तेवढ्यात ती सुमारे साडेबारा मीटर खाली येते. विरळ हवेत तिचा वेग टिकून तोच प्रवास १.४ सेकंदांत आटोपला, तर ती साडेनऊ मीटरच उतरेल. फरक तीन मीटरांचा! गुरुत्वाकर्षणाच्या घटीचा वाटा त्यात दोन सेंटिमीटरांच्या आसपास.

हवेचा हा जोर प्रथम मापला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्याने. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर निरनिराळ्या अंतरांवरून गोळ्या झाडून त्याने त्यांचा घटणारा वेग काढला आणि १७४२ साली तोफविद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे १७५१ साली तो वारला. तोफविद्येच्या या शास्त्रज्ञाचा अंत हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर व्हावा, हा एक योगायोगच.

तथापि उंची नेहमीच गोळ्याला साह्य करते असे नाही. कडक थंडीत दारूचा जोर मंदावतो, नळीतून सुटतानाचा वेग घटतो. शिवाय थंड हवा अधिक दाट असते. अशा वेळी गोळा अलीकडेच पडतो, आणि अलीकडे तर आपलेच जवान कडा चढत असतात. कारगिलच्या चढायांत ते आपल्या गोळ्यांच्या माऱ्यामागे फार थोडे अंतर राखून पुढे सरकत होते. तेथे शंभर मीटरांची चूक म्हणजे काय, हे सांगावयास नको.

गुरुत्वाकर्षण आपला हिशेब खरोखर मागते ते चढणीवर. तीस अंशांच्या चढावर हजार मीटर दूरच्या लक्ष्याचे आडवे अंतर ८६६ मीटरच भरते. बंदूकधाऱ्याने हजारांचा नेम धरला, तर गोळी डोक्यावरून जाते. उतारावर खाली मारतानाही तेच घडते.

म्हणूनच पल्ल्याचे तक्ते एका ठरावीक हवेसाठी, म्हणजे समुद्रसपाटीवरील १५ अंश सेल्सिअस तपमान व १०१३.२५ मिलिबार दाब गृहीत धरून, तयार केलेले असतात. माऱ्यापूर्वी तोफखान्याचे हवामानपथक फुगा सोडून निरनिराळ्या उंचींवरचा वारा, दाब आणि तपमान टिपते, आणि त्या आकड्यांवरून प्रत्येक तोफेचा कोन नव्याने ठरविला जातो.